निकालानंतरचं घर: एका मोटार अपघात दाव्याचा प्रकरण अभ्यास

सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहणाऱ्या ताईंना डिसेंबर 2022 मध्ये मोटार अपघात दाव्यात 20,13,240 रुपये आणि त्यावर व्याज मंजूर झालं. निकालाची प्रत हातात पडली तेव्हा त्यांचा डावा पाय जाऊन पाच वर्षं होत आली होती. घरातला संडास अजून उकिडवं बसायचाच होता. कृत्रिम पाय खाटेखाली पिशवीत पडून होता. घरातल्या चपात्या सोळा वर्षांची मुलगी लाटत होती, आणि तिची दहावीची परीक्षा तोंडावर आली होती.

या तीन गोष्टींचा निकालपत्रात उल्लेख नव्हता. तो असायला हवा होता असंही मी म्हणत नाही, कारण न्यायाधिकरणाचं, म्हणजे असे दावे ऐकणाऱ्या कोर्टाचं, काम नुकसान मोजायचं असतं. पण अपघातग्रस्तांच्या पुनर्वसनाच्या कामात मला वारंवार दिसतं ते असं: दावा चालू असेपर्यंत माणसाने आपल्याला काय जमत नाही हेच सांगायचं असतं. कागद त्याचे, साक्ष त्याची, उलटतपासणीही त्याचीच. निकाल लागतो आणि दुसऱ्या दिवसापासून त्याच माणसाने आपल्याला काय जमतं ते शोधायला लागावं अशी अपेक्षा असते. या वळणाची तयारी कुणीच करून घेत नाही. ताईंचं प्रकरण मांडते आहे ते त्यासाठी.

एक खुलासा आधीच करते. ताई म्हणजे कुणी एकच बाई नाहीत. कुणाची ओळख उघडी पडू नये म्हणून वेगवेगळ्या दाव्यांतले प्रसंग आणि रकमा मी एकत्र बांधल्या आहेत. हिशोबाची रीत, कायदा आणि शरीराची गणितं मात्र जशीच्या तशी आहेत.

अपघात आणि दाव्यातला हिशोब

जानेवारी 2018. ऊस गाळपाचा हंगाम. संध्याकाळी सातच्या सुमारास ताई नवऱ्याच्या मोटारसायकलवर मागे बसून नणंदेकडून परत येत होत्या. उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर पुढे होता. मागच्या ट्रॉलीला ना दिवा, ना रिफ्लेक्टर. ट्रॅक्टर अचानक उजवीकडे कारखान्याच्या रस्त्याला वळला, मोटारसायकल पडली आणि मागच्या ट्रॉलीचं चाक ताईंच्या डाव्या पायावरून गेलं. नवऱ्याला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. पाय वाचवायचा प्रयत्न झाला, पण चौथ्या दिवशी तो गुडघ्याखाली कापावा लागला.

ताईंचं तेव्हाचं वय 34. तीन घरी स्वयंपाक आणि एका खानावळीला रोजच्या चपात्या हे त्यांचं काम. महिन्याला 12,000 रुपये सुटायचे, पण त्याचा कागद एकही नव्हता. नवरा सूतगिरणीत. घर सासरच्या वाटणीतलं, दोन खोल्या आणि पडवी.

ऑगस्ट 2018 मध्ये मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 166 खाली दावा दाखल झाला. (तेव्हा दाव्याला मुदत नव्हती. 1 एप्रिल 2022 पासून अपघातानंतर सहा महिन्यांत दावा लावायची तरतूद लागू झाली आहे, तेव्हा आज असा प्रसंग आलेल्यांनी दवाखान्यातून घरी येण्याची वाट न पाहता वकील गाठावा.) विमा कंपनीने तीन मुद्दे घेतले. ट्रॅक्टरचा विमा शेतीकामापुरता आहे आणि इथे भाड्याने ऊस वाहिला जात होता. ट्रॉलीचा वेगळा विमाच नाही. आणि चूक मोटारसायकलवाल्याची आहे.

तिसरा मुद्दा कायद्यापुढे टिकला नाही. मागे बसलेल्या माणसाचं नुकसान दोन वाहनांच्या चुकीतून झालं असेल तर तो दोघांपैकी कुणाकडूनही पूर्ण भरपाई मागू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये स्पष्ट केलेलं आहे. पहिल्या दोन मुद्द्यांवर न्यायाधिकरणाने नेहमीची वाट धरली: कंपनीने आधी पैसे भरावेत आणि मग ट्रॅक्टरमालकाकडून वसूल करावेत. हा मालक शेजारच्याच गावचा, दोन एकरांचा शेतकरी. दावा चालू असताना त्याच्या बाजूने चार माणसं ताईंच्या पडवीत येऊन बसली होती. त्याच्यावर बोजा पडेल, मिटवून घ्या, म्हणाली. पायाचं काय, हे त्यांच्यातल्या एकानेही विचारलं नाही, असं ताईंच्या सासूबाई आजही सांगतात.

आता आकडे. ते उकलून सांगते, कारण पुढचं घर याच आकड्यांवर उभं राहिलं. कागद नसल्याने उत्पन्न महिना 8,000 धरलं. स्वतःचा रोजगार करणारी आणि चाळिशीच्या आतली व्यक्ती म्हणून सर्वोच्च न्यायालयाच्या प्रणय सेठी निकालाप्रमाणे (2017) भविष्यातल्या वाढीचे 40 टक्के मिळवले, म्हणजे 11,200. वर्षाचे 1,34,400. अपंगत्वाचा दाखला 70 टक्क्यांचा होता, पण दाखल्याची टक्केवारी म्हणजे कमाईच्या नुकसानीची टक्केवारी नव्हे. सर्वोच्च न्यायालयाच्या 2011 च्या राजकुमार निकालात हे नीट समजावलं आहे: डावा हात गेला तर वाहनचालक किंवा सुतार जवळजवळ सगळी कमाई गमावतो, तर सरकारी कारकुनाची कमाई कदाचित तशीच राहते. कंपनीच्या वकिलांनी म्हटलं की चपात्या बसूनही लाटता येतात, तेव्हा नुकसान 35 टक्केच धरा. न्यायाधिकरणाने 60 टक्के धरलं: वर्षाला 80,640. सरला वर्मा निकालातल्या (2009) तक्त्यात 31 ते 35 वयासाठी गुणक, म्हणजे वर्षाच्या नुकसानीला ज्याने गुणायचं तो आकडा, 16 आहे. झाले 12,90,240.

उरलेले 7,23,000 असे: औषधोपचाराची बिलं 1,85,000, मदतनीस, आहार आणि प्रवास 40,000, सहा महिन्यांची बुडालेली कमाई 48,000, वेदनेचे 1,00,000, आयुष्यातल्या गमावलेल्या सुखांचे 1,00,000 आणि पुढे कृत्रिम पाय बदलण्यासाठी 2,50,000. पुढच्या खर्चाची ही शेवटची रक्कम सोडून बाकीवर दाव्याच्या तारखेपासून 7.5 टक्के व्याज.

मधली वर्षं

दाव्याला साडेचार वर्षं लागली. कोविडमध्ये कोर्टाचं कामकाज जवळजवळ थांबलं, त्यात बराच काळ गेला. 2021 मध्ये लोकअदालतीत 9 लाखांवर तडजोडीचा प्रस्ताव आला. घरात डोक्यावर पतसंस्थेचं कर्ज होतं आणि दागिने गहाण होते, त्यामुळे नवरा जवळजवळ हो म्हणाला होता. लोकअदालतीचा निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही. आणि जिथे उपचार संपायचे आहेत किंवा कृत्रिम अवयवाचा खर्च आयुष्यभर आहे, तिथे केवळ पैसे लवकर मिळतात म्हणून सही करू नये असं माझं ठाम मत आहे. ताईंनी सही केली नाही, पण त्यामागचं कारण वेगळं होतं. त्या दिवशी कंपनीच्या माणसाने त्यांच्याकडे न बघता सगळं नवऱ्याशीच बोलून घेतलं, आणि त्या उठून बाहेर आल्या.

या प्रकरणातलं सगळ्यात मोठं नुकसान मात्र कोर्टाच्या तारखांमुळे झालं नाही. ते एका सल्ल्यामुळे झालं. गावातल्या कुणीतरी ताईंना सांगितलं की दावा चालू असताना काम करू नका, कृत्रिम पाय लावून फिरू नका. कुणी मोबाइलवर व्हिडिओ काढला तर दावा गेलाच म्हणून समजा. ताईंनी ते शब्दशः पाळलं. पाय लावायचा तो लग्नकार्याला, तोही साडीखाली. एरवी खुर्चीत बसून राहायचं.

हा सल्ला चुकीचा आहे आणि तो जिल्ह्याजिल्ह्यांत फिरतो आहे. न्यायाधिकरण आधी कोणती कामं करता येतात आणि कोणती येत नाहीत हे बघतं. मग अपघाताआधीचा व्यवसाय आणि वय. आणि शेवटी ती व्यक्ती पूर्वीचं काम, थोडं वेगळं काम की कुठलंच काम करू शकत नाही हे ठरवतं. खोटं बोललं तर दावा अडचणीत येतो, हे खरं. पण गुडघ्याखालून पाय गेलेल्या बाईने कृत्रिम पायावर चालायला शिकणं किंवा घरी बसून थोडंफार काम करणं म्हणजे खोटेपणा नाही, आणि तेवढ्यावर दावा कोसळतही नाही. साक्षीत ते जसं आहे तसं सांगायचं असतं.

खुर्चीतल्या त्या वर्षांचा परिणाम शरीरावर झाला. गुडघ्याखाली कापलेला पाय तासन्तास वाकवून ठेवला, त्याखाली उशी घेतली, की मांडीमागचे स्नायू आखडतात आणि गुडघा सरळ होईनासा होतो. ताईंचा गुडघा जवळजवळ 20 अंश वाकलेलाच राहिला होता. शिबिरात मिळालेला पहिला कृत्रिम पाय घेतला तेव्हा कापलेल्या भागाची सूज पुरती उतरली नव्हती. पहिल्या वर्षात हा भाग आक्रसत जातो आणि सॉकेट, म्हणजे तो भाग ज्यात बसतो तो कृत्रिम पायाचा वरचा साचा, सैल होतं. ते बदलावं लागतं हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. सैल सॉकेटने जखमा झाल्या, जखमांमुळे पाय पिशवीत गेला, आणि "मला पाय मानवत नाही" असं त्या सांगू लागल्या.

आणि घरात एक गप्पपणा येऊन बसला होता. उलटतपासणीत ताईंना विचारलं गेलं होतं की तुमचा नवरा ट्रॉलीला ओलांडायला बघत होता ना, वेग किती होता, त्याच्याकडे परवाना होता का. नवरा कोर्टाच्या मागच्या बाकावर बसून ऐकत होता. परवाना होता, वेगही बेताचा होता. तरी त्या दिवसानंतर दोघांत अपघाताविषयी एक शब्द झाला नाही. नवऱ्याने मोटारसायकल विकली आणि तो गिरणीत सायकलने जायला लागला.

पैसे घरात आल्यावर

फेब्रुवारी 2023 मध्ये कंपनीने रक्कम जमा केली. अपील झालं नाही. व्याज 5,95,000 च्या आसपास, म्हणजे एकूण 26 लाखांवर. व्याजातून 10 टक्क्यांनी साधारण 59,500 रुपये टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापायचा आयकर, कापला गेला. ताईंकडे पॅन कार्ड नव्हतं; वकिलांनी ते आधीच काढून घेतलं म्हणून बरं, नाहीतर कपात 20 टक्क्यांची झाली असती. दाव्याच्या तारखेपासून निकालापर्यंतचं व्याज हे भरपाईचाच भाग आहे, ते उत्पन्न नव्हे, असं मुंबई उच्च न्यायालयाने 2019 मध्ये म्हटलेलं आहे. ताईंनी आयकराचं विवरणपत्र भरलं आणि कापलेले पैसे पुढच्या वर्षी परत आले. कित्येक घरांत हे विवरणपत्र भरलंच जात नाही.

न्यायाधिकरणाने 15 लाख रुपये ताईंच्या एकटीच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत पाच वर्षांसाठी मुदत ठेवीत गुंतवायला लावले. त्यावर कर्ज नाही, मुदतीआधी मोडायची तर न्यायाधिकरणाची परवानगी, आणि व्याज दरमहा बचत खात्यात. सुमारे साडेदहा लाख हातात आले. ही ठेवीची रीत सर्वोच्च न्यायालयाच्या 1993 च्या एका निकालातून आली आहे: दावेदाराला कुणी फसवू नये, पैसे एकदम उडून जाऊ नयेत. काही लोकांना ती अपमानास्पद वाटते, आणि शिकल्यासवरलेल्या माणसाचे पैसे डोळे झाकून अडवून ठेवू नयेत असं त्याच न्यायालयाने 2012 मध्ये बजावलंही आहे. ताईंच्या बाबतीत मात्र त्या कुलुपाने घर वाचवलं, हे मी जवळून पाहिलं.

कारण पैसे आल्याची बातमी एका दिवसात गावभर झाली. "पाय गेला, पण घराचं सोनं झालं" हे वाक्य ताईंनी हळदीकुंकवाला स्वतःच्या कानांनी ऐकलं. दिराला चारचाकी टेम्पोसाठी चार लाख हवे होते, वर्षात परत देतो म्हणत होता. कुणी प्लॉट सुचवला, कुणी महिना तीन टक्क्यांची भिशी. नवऱ्याला घरावर स्लॅब टाकायचा होता. यातलं टेम्पो आणि भिशी सोडली तर काहीच वाईट हेतूचं नव्हतं. स्लॅब टाकावासा वाटणं मला समजतं. इतकी वर्षं सगळं कर्जात गेल्यावर माणसाला दिसेल असं काहीतरी उभं करावंसं वाटतं.

आम्ही ताईंच्या घरी बसलो ते या टप्प्यावर. मी त्यांना खर्चाची यादी करायला सांगितली नाही. सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत कुठेकुठे कुणाची मदत लागते ते सांगा, एवढंच म्हटलं. उत्तर लगेच आलं: संडासला. पाच वर्षं सासूबाई किंवा मुलगी धरून उभी राहायची. पाहुणे असले की ताई सकाळपासून पाणी प्यायच्या नाहीत. हे त्यांनी कोर्टात सांगितलं नव्हतं, वकिलांना सांगितलं नव्हतं आणि नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. नवरा तिथेच बसला होता. तो उठून मागे गेला, आणि दुसऱ्या दिवशी गवंड्याला घेऊन आला.

हातात आलेल्या पैशांचं पुढे असं झालं. वकिलांची फी 1,50,000. (भरपाईत टक्का ठरवून फी घेणं बार कौन्सिलच्या नियमांत बसत नाही, तरी व्यवहारात टक्का मागितला जातो, इथे वकिलांनी ठरलेली रक्कमच घेतली.) पतसंस्था आणि सोनं सोडवणं 3,40,000. कमोड, धरायला नळ्या, न घसरणारी फरशी, उंबऱ्याला उतार आणि बसून वापरता येईल असा बुटका ओटा मिळून 1,10,000. नवीन कृत्रिम पाय 90,000. बाजूला चाकं लावलेली स्कूटर 1,15,000. कणीक मळायचं यंत्र आणि भट्टी 60,000. दिराला 1,00,000. शेवटची रक्कम देऊ नका असं मी सांगितलं होतं. ताईंनी दिली, कारण दवाखान्यातल्या सगळ्या रात्री जाऊ त्यांच्या उशाशी होती. ते कर्ज कुठल्याच निकालपत्रात येत नाही आणि ते कसं फेडायचं हे ठरवायचा हक्क माझा नव्हता.

स्लॅब राहिला.

आधी गुडघा, मग पाय

पैसे आल्या आल्या महागडा पाय घ्यायची घाई झाली होती. एका विक्रेत्याने कार्बनच्या पायाची अडीच लाखांची किंमत सांगितली, म्हणजे निकालात पुढच्या आयुष्यभरासाठी दिलेली सगळी रक्कम एका फटक्यात. ताई पुण्याला वानवडीच्या कृत्रिम अवयव केंद्रात दाखवून आल्या. 1944 मध्ये लष्करासाठी सुरू झालेल्या या केंद्रात सामान्य नागरिकांनाही घेतात. मुंबईत हाजी अलीला असलेली केंद्र सरकारची पुनर्वसन संस्थाही अशाच कामाची. पुण्यात ताईंना सरळ सांगितलं गेलं की वाकलेल्या गुडघ्यावर कितीही भारी पाय बसवला तरी चालणं लंगडंच राहील. आधी गुडघा.

मग चार महिने फिजिओथेरपी. रोज पालथं झोपायचं, गुडघा ताणायचा, खुर्चीत बसलं की पाय फळीवर सरळ. खुर्चीखालची ती फळी नवऱ्याने बनवली. कंटाळवाणं, दुखरं काम होतं आणि त्यात दाखवण्यासारखं काहीच नव्हतं. याच काळात गेलेल्या पायाच्या तळव्यात आग होते हे ताईंनी प्रथमच सांगितलं. आपल्याला वेड लागलं असं लोक म्हणतील म्हणून त्या गप्प होत्या. ही वेदना खरी असते आणि अवयव गेलेल्या बहुतेकांना ती कमीजास्त होते. मेंदूशास्त्रज्ञ विलायनूर रामचंद्रन यांनी 1990 च्या दशकात पुढे आणलेली आरशाची पद्धत फिजिओथेरपिस्टने शिकवली: दोन पायांमध्ये आरसा उभा धरायचा, चांगल्या पायाचं प्रतिबिंब बघत दोन्ही पाय हलवल्यासारखे हलवायचे. सगळ्यांना गुण येतोच असं नाही. ताईंची रात्रीची झोप सुधारली.

पाय निवडताना ताईंचा प्रश्न एकच होता: जमिनीवर बसता येईल का? परातीपुढे, पूजेला, पंगतीत, हळदीकुंकवाला. घरात अनवाणी वावरता येईल का? 1968 च्या सुमारास जयपूरला तयार झालेला रबरी पाय याच गरजेतून आला आणि म्हणूनच तो आपल्याकडे टिकला. ताईंनी तसं लवचीक पाऊल आणि नीट माप घेतलेलं सॉकेट, आत सिलिकॉनचा लायनर (कातडीवर चढवायचं मऊ अस्तर), असा मधला पर्याय घेतला. दिवस चढेल तसा कापलेला भाग थोडा बारीक होतो, तेव्हा दुपारी एक जास्तीचा मोजा चढवायचा. उन्हाळ्यात घामाने लायनर घसरतो, तेव्हा दोनदा काढून पुसायचा. पहिल्या खेपेला हे पाच मिनिटांचं सांगणं झालं असतं तर तो पहिला पायही वापरात राहिला असता, असं मला वाटतं.

लाटणं

मुलगी मार्चमध्ये दहावीला बसली आणि तिला डिप्लोमाला प्रवेश मिळाला, वसतिगृहासकट. ऑगस्टमध्ये ती जाणार होती. सगळ्यांना आनंद झाला आणि तिलाच रडू फुटलं: मी गेले तर चपात्या कोण करणार?

अकराव्या वर्षापासून ती घराचा स्वयंपाक करत होती. निकालपत्रात मदतनिसाच्या खर्चाचा आकडा होता, पण बिनपगारी मदतनीस हीच होती, आणि तिच्या बालपणाची नुकसानभरपाई मागायला कायद्यात कलम नाही. तिच्या हातून काम परत घेणं ताईंना वाटलं त्याहून अवघड गेलं. मुलीला आईचा भरवसा वाटत नव्हता. ताई ओट्याशी उभ्या राहिल्या की ती मागे येऊन उभी राहायची, पातेलं पुढे सरकवायची, गॅस बंद करायची. एकदा ताईंनी तिच्या हातून लाटणं काढून घेतलं आणि दोघी भांडल्या. सासूबाई म्हणाल्या, पाच वर्षांत या घरात पहिल्यांदा कुणी मोठ्याने बोललं.

जूनपासून ताई सकाळच्या चपात्या बुटक्या ओट्यावर बसून करू लागल्या. जुलैत दोन्ही वेळच्या. ऑगस्टमध्ये मुलगी गेली. खानावळवाल्याकडे ताई स्वतः गेल्या नाहीत. सप्टेंबरात तोच विचारायला आला. सुरुवातीला पन्नास चपात्या, मग यंत्र घेतलं, मग जाऊबाई रोजाने मदतीला. अन्न सुरक्षा आणि मानके कायद्याखाली धंद्याची नोंदणी झाली. लहान धंद्यांना तेव्हा वर्षाला 100 रुपये लागायचे.

कंपनीचे वकील म्हणाले होते की चपात्या बसूनही लाटता येतात. ताई आता तेच करत आहेत, मग ते बरोबर होते का, असं मला एका तरुण वकिलाने विचारलं. मी त्याला ताईंच्या धंद्याचा हिशोब दाखवला. पूर्वी सगळं त्या एकट्या करायच्या: चक्कीवर जाणं, पिंप उचलणं, तीन घरी चालत जाणं, चार तास उभं राहणं. आता दळण आणायला माणूस, मळायला यंत्र, डबे पोचवायला जाऊ, भट्टीवर बसायला अंतर ठेवून केलेली जागा. तेवढ्याच चपात्यांमागे त्यांच्या हातात पूर्वीच्या निम्म्याहून कमी पैसे उरतात. 60 टक्के हा आकडा माझ्या मते अचूक होता.

स्कूटर शिकवली ती नवऱ्याने, हंगाम नसताना कारखान्याच्या मोकळ्या रस्त्यावर. आरटीओकडे अपंगांसाठी बदल केलेल्या वाहनाचा वेगळा परवाना मिळतो. तो रस्ता अपघाताच्या जागेवरूनच जातो. दोघं तिथे थांबले आणि त्यांनी पहिल्यांदा आपापली संध्याकाळ एकमेकांना सांगितली: त्यांना काय दिसलं, हिला काय आठवतं. मला हे ताईंनी नंतर सांगितलं, थोडक्यात, आणि मी खोदून विचारलं नाही. ऊस वाहतूक सुरू झाली की संध्याकाळी सहानंतर ताई आजही स्कूटर काढत नाहीत.

सध्याची स्थिती

मुदत ठेवीचं व्याज महिन्याला 8,000 च्या आसपास येतं. न्यायाधिकरणाने धरलेल्या उत्पन्नाइतकंच, पण ते वाढत नाही, आणि गव्हाचे भाव वाढतात. 2024 मध्ये मुलीच्या फीसाठी ठेवीतून 60,000 काढायची परवानगी मागितली. वकिलांनी प्रवेशाची पावती आणि वसतिगृहाचं पत्र जोडलं होतं, अर्ज मंजूर झाला, पण पैसे फीची तारीख उलटल्यावर आले. असा अर्ज गरजेच्या निदान तीन महिने आधी करावा.

दिव्यांग ओळखपत्र ताईंनी 2023 पर्यंत काढलंच नव्हतं, दाव्याला लागलेला दाखला म्हणजेच सगळं असं त्यांना वाटायचं. आता ते आहे. एसटीत तिकिटाला 75 टक्के सवलत मिळते, त्यामुळे पुण्याला पाय दाखवायला जाणं परवडतं. स्थानिक संस्थेने आपल्या उत्पन्नातला 5 टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करायचा असतो. त्यासाठी दिलेल्या अर्जाला अजून उत्तर नाही, आणि ताई दर महिन्याला जाऊन विचारतात.

कृत्रिम पायाचा हिशोब मला सर्वांत जास्त सतावतो. पाय साधारण तीन ते पाच वर्षांत बदलावा लागतो, सॉकेट आणि लायनर त्याआधी. चाळिशीतल्या बाईला अजून किती पाय लागतील? निकालात 2,50,000 मिळाले कारण त्या वेळी फक्त एका पायाचं कोटेशन जोडलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्येच एका प्रकरणात कृत्रिम पाय पुन्हा पुन्हा घ्यावा लागतो हे धरून पुढचा खर्च मोजला आहे. ज्यांचे दावे अजून चालू आहेत त्यांनी पुनर्वसन केंद्रातून बदलीचा कालावधी आणि दर वेळचा खर्च लेखी घ्यावा, आणि ते लिहून देणाऱ्याला साक्षीला बोलवावं.

दिराने एक लाखातले 40,000 परत केले आहेत. ठेवीची मुदत फेब्रुवारी 2028 ला संपेल आणि तेव्हा कुलूप नसेल. त्यातले पाच लाख फक्त पायांसाठी वेगळे ठेवायचे आणि उरलेल्यांचं मासिक उत्पन्न चालू ठेवायचं असं ताईंनी ठरवलं आहे. नवऱ्याचं म्हणणं स्लॅबचं अजून आहे. यंदा त्यावर दोघांचं बोलणं चालू आहे, आणि वहीत दोन रकाने आखून हिशोब ताईच मांडतात.